बेडकाचं कूळ आणि मूळ



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी व्याख्यानासाठी बुलढाण्यात जमतो ते गुरुजी भूगोल शिकवायचे. आधी फळ्यावर हातानं नकाशा काढायचा आणि मगच बोलायला सुरुवात करायची, ही त्यांची रीत इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. दुर्मिळ झाडबेडकांचं वर्गीकरण आणि प्रसार हा आजचा विषय मी मुद्दाम निवडला, कारण त्यात निम्मा भाग भूगोलाचा आहे. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये असं आपल्याकडे म्हणतात. प्राणिशास्त्रज्ञाचं काम मात्र नेमकं हेच: हा प्राणी कोणत्या कुळातला आणि आला कुठून? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात, की एक चुकलं की दुसरं चुकतंच. प्राण्याला चुकीचं नाव लागलं तर त्याचा नकाशाही चुकीचा होतो, आणि मग तो दुर्मिळ आहे की मुबलक, हे सांगताच येत नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट सांगायला आंबोली, श्रीलंका, अमरकंटक आणि शेवटी आपला बोथ्याचा जंगलरस्ता, असा फेरा घ्यावा लागेल.

सुरुवात घरापासून करू. पाऊस लागला की संध्याकाळी न्हाणीघरातला दिवा लावा. नळामागे, खिडकीच्या चौकटीत किंवा रांजणाच्या गळ्याशी एखादा पिवळसर तपकिरी, लांब पायांचा बेडूक चिकटून बसलेला असतो. हा आपला साधा झाडबेडूक, शास्त्रीय नाव पॉलिपेडेटस मॅक्युलेटस. चुन्याच्या भिंतींवर दिसतो म्हणून इंग्रजांनी त्याला ‘चुनाम फ्रॉग’ म्हटलं. त्याला हाकलण्याआधी टॉर्च घेऊन एकदा जवळून पाहा. बोटांच्या टोकाला गोल, चपट्या गाद्या दिसतील. भिंगाखाली त्या गादीवर षट्कोनी पेशींची फरसबंदी दिसते आणि पेशींमधल्या बारीक चरांत चिकट ओलावा असतो. त्या ओलाव्याच्या पातळ थरावर तो गुळगुळीत फरशीवरही उभा चढतो. बोटाच्या शेवटच्या दोन हाडांच्या मध्ये एक जादा कूर्चा असते, तिच्यामुळे गादी पृष्ठभागावर सपाट टेकते. त्यानं पाय पसरला, तर मांडीच्या मागच्या बाजूला गडद जाळीत पिवळे गोल ठिपके दिसतात. पाठीचा रंग तासाभरात बदलतो, ठिपके बदलत नाहीत. म्हणून ओळख पटवायची ती मांडीवरून.

जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३० मध्ये याचं वर्णन केलं आणि त्याला ‘हायला’ या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातलं. त्यांचा तर्क सरळ होता. युरोप-अमेरिकेतले झाडबेडूक हायलाच्या गटातले, यालाही बोटांना गाद्या, तेव्हा हाही त्यांचाच भाऊबंद. पुढे सांगाडे आणि नंतर जनुकं तपासली गेली, तेव्हा कळलं की आशियातल्या या बेडकांचं कूळ पूर्णपणे वेगळं आहे. त्याला र्‍हॅकोफोरिडी म्हणतात, आणि त्याचं जवळचं नातं आपल्या शेतातल्या डराव-डराव करणाऱ्या मोठ्या बेडकांशी आहे. झाडावर चढण्याची गरज दोन वेगळ्या खंडांत दोन वेगळ्या घराण्यांना पडली आणि दोघांनीही स्वतंत्रपणे सारखीच बोटं घडवली. दिसण्यावरून नातं जोडलं की फसगत होते, याचा पहिला दाखला आपल्या न्हाणीघरातच आहे.

आता आंबोली. सावंतवाडीहून घाट चढून गेलं की सिंधुदुर्गातलं हे गाव लागतं. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या जिल्ह्याची सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर. म्हणजे आपल्याला जे दहा वर्षांत मिळतं ते तिथे एका पावसाळ्यात पडतं. तिथल्या झुडपांत एक अंगठ्याएवढा बेडूक राहतो. सत्यभामा दास बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांनी २००९ मध्ये सह्याद्रीतल्या झुडूपबेडकांवर एक मोठा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात १२ नव्या जातींचं वर्णन होतं, आणि त्यांतल्या एकीला त्यांनी आपल्या महाराष्ट्रातल्या या गावाचं नाव दिलं: फिलॉटस आंबोली.

हे नाव फार टिकलं नाही. त्या काळी आग्नेय आशियापासून श्रीलंकेपर्यंतचे, झुडपात राहणारे आणि पाण्यात पोहणारी डिंभावस्था नसलेले बेडूक फिलॉटस याच एका प्रजातीत भरलेले होते. जनुकीय वंशावळी तयार होऊ लागल्या तशी ही मोट सुटत गेली. २०१० मध्ये बिजू, पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे योगेश शौचे, अ‍ॅलन दुब्वा, सुशीलकुमार दत्ता आणि बोसाइट यांनी ‘करंट सायन्स’मध्ये एक निबंध लिहिला. तो होता केरळातल्या अनैमुडी शिखरावर सापडलेल्या, जमिनीवर राहणाऱ्या एका लालभडक बेडकाबद्दल. त्या निबंधात सह्याद्रीतल्या बहुतेक झुडूपबेडकांसाठी ‘राओर्चेस्टेस’ ही नवी प्रजाती उभी केली गेली. तिला नाव दिलं ते सी. आर. नारायण राव यांचं. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकवणारे राव ‘करंट सायन्स’चे पहिले संपादक होते, आणि भारतीय बेडकांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक.

आंबोलीचा बेडूक मात्र राओर्चेस्टेसमध्ये गेला नाही, आणि मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. त्याच झुडपांच्या रानात राओर्चेस्टेस बॉम्बेयेन्सिस हा दुसरा झुडूपबेडूक राहतो. तेवढाच, तसाच, त्याच पावसात ओरडणारा. नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी १९१९ मध्ये त्याचं वर्णन केलं, गोव्याच्या सीमेवरच्या कॅसलरॉकच्या नमुन्यावरून. कॅसलरॉक तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणून नावात मुंबई आली. हे दोघे शेजारी सख्खे वाटतात, पण जनुकं वेगळं सांगतात. आंबोलीचा बेडूक ‘स्यूडोफिलॉटस’ या प्रजातीचा आहे, आणि या प्रजातीचं माहेर श्रीलंका. तिच्या सत्तराहून अधिक जाती तिथे आहेत. भारताच्या मुख्य भूमीवर आहेत त्या मोजक्या: आंबोली, वायनाडची आणि अगस्त्यमलैकडची कानी. त्यांचे पूर्वज श्रीलंकेतून इकडे आले, असं वंशावळीवरून दिसतं.

बेडूक समुद्र ओलांडून कसा आला? खाऱ्या पाण्यात तर तो फार वेळ राहू शकत नाही. उत्तर पाल्कच्या सामुद्रधुनीत आहे. ती उथळ आहे. हिमयुगांच्या काळात पृथ्वीवरचं पाणी बर्फात अडकून समुद्राची पातळी शंभर मीटरहून खाली गेली, तेव्हा तिथे जमीन उघडी पडली आणि भारत-लंका पायवाट तयार झाली. अशी पायवाट अनेकदा उघडली आणि अनेकदा बुडाली. तरीही ओलाव्यात राहणाऱ्या फार थोड्या प्राण्यांनी ती वापरली. बोसाइट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘सायन्स’मध्ये हेच दाखवलं, की सह्याद्री आणि श्रीलंका एकाच जैवविविधतेच्या पट्ट्यात मोडत असले तरी दोन्हीकडचे जीव बरेचसे आपापले आहेत. मधला कोरडा प्रदेश हाच खरा अडसर होता. ज्या थोड्यांनी तो पार केला, त्यांच्यापैकी एकाचा वंशज आज सिंधुदुर्गात पाऊस पडला की ओरडतो. ही गोष्ट शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात जावी इतक्या तोलाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुर्मिळतेकडे येऊ. जागतिक लाल यादीत आंबोलीचा बेडूक ‘अति संकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. आंबोलीखेरीज कर्नाटकातल्या घाटात काही ठिकाणी तो सापडतो, पण त्याची रानं तुटक आहेत. हे आपल्याला कधी कळलं? त्याला वेगळं नाव मिळाल्यावर. त्याआधी सह्याद्रीतल्या कितीतरी झुडूपबेडकांना दोन-चार जुन्या नावांखाली घालत. अशा एका सैल नावाखाली पाच जाती कोंबल्या की नकाशावर मोठा ठसा दिसतो आणि सगळं आलबेल वाटतं. त्यांतली एक जात संपत आली तरी ठसा तेवढाच राहतो. वर्गीकरण म्हणजे संग्रहालयात बसून केलेला शब्दच्छल, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की ज्या प्राण्याला नाव नाही तो कोणत्याही यादीत येत नाही, आणि यादीत नसलेल्या प्राण्यासाठी कुणी रस्त्याची आखणी बदलत नाही.

याचा महाराष्ट्रातला आणखी एक दाखला आहे, आणि शिक्षकांच्या स्मृतिव्याख्यानात तो आलाच पाहिजे. २०१३ मध्ये आनंद पाध्ये, अमित सय्यद, जाधव आणि नीलेश डहाणूकर यांनी महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून एका नव्या झुडूपबेडकाचं वर्णन केलं. शरीराची मापं आणि जनुकीय तपासणी या दोन्हींच्या आधारानं तो वेगळा ठरला. त्याचं नाव राओर्चेस्टेस घाटेई. पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे डॉ. हेमंत घाटे यांच्या गौरवासाठी हे नाव दिलं. पाध्येही पुण्याच्या गरवारे महाविद्यालयातले शिक्षकच. नव्या जाती परदेशी मोहिमाच शोधतात, ही समजूत आपण आता सोडून द्यावी.

पण शोधणं जितकं महत्त्वाचं, तितकंच जपणंही. नारायण राव यांनी १९३७ मध्ये दक्षिण भारतातल्या अनेक बेडकांची वर्णनं प्रसिद्ध केली. ज्या नमुन्यांवरून ती केली ते पुढे हरवले. परिणाम असा, की त्यांतल्या काही नावांचा प्राणी नेमका कोणता, यावर अभ्यासकांना पुढची कित्येक वर्षं खल करावा लागला. आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत फॉर्मेलिनच्या बरण्या असतात. माझी प्राध्यापक मंडळींना विनंती आहे, त्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या पाहा. गाव नाही, तारीख नाही, फक्त ‘बेडूक’ असं लिहिलेली बरणी शास्त्राच्या दृष्टीनं रिकामीच.

हरवलेले बेडूक परत सापडतात, हेही सांगायला हवं. दार्जिलिंगहून गेलेल्या नमुन्यांवरून गुंथर यांनी १८७६ मध्ये जर्डनच्या नावानं एका झाडबेडकाचं वर्णन केलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं तो कुणाला दिसला नाही. बिजूंच्या तुकडीला ईशान्य भारतात रात्री उंचावरून वेगळाच सूर ऐकू आला, आणि तो बेडूक सापडला झाडांच्या ढोलीत. २०१६ मध्ये त्याच्यासाठी फ्रँकिझालस ही नवी प्रजाती करावी लागली. ढोलीतल्या पाण्यात पिल्लं वाढतात आणि आई त्यांना खायला न फळलेली अंडी घालते. शोधणारे सगळे जमिनीकडे आणि ओढ्याकडे पाहत होते, आणि तो डोक्यावर होता.

आता पुन्हा सह्याद्रीतल्या झुडूपबेडकांकडे. ते आपल्या जिल्ह्यात का नाहीत? याचं उत्तर त्यांच्या विणीत आहे. आपल्या साध्या झाडबेडकाची मादी हौदाच्या भिंतीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीवर एक चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळून त्याचा फेस करते. अंडी त्या फेसात. बाहेरून फेस वाळतो, आतून ओला राहतो. काही दिवसांत डिंभ खाली पाण्यात पडतात आणि पुढे तिथेच वाढतात. पाऊस आठवडाभर उघडला तरी अंडी निभावतात. वऱ्हाडातल्या लहरी पावसाला ही तरतूद बरोबर लागू पडते. झुडूपबेडकाचं उलटं. त्याला तळंही नको, ओढाही नको. तो पानावर, शेवाळात किंवा ओल्या मातीत मोजकी अंडी घालतो आणि डिंभाची पायरी अंड्याच्या आतच पुरी होते. अंड्याच्या पारदर्शक आवरणातून आतलं पिल्लू दिसतं, गोल डोळ्यांचं, पाय पोटाशी घेतलेलं. शेवटी बाहेर येतं ते चार पायांचं, नखाएवढं, पूर्ण बेडूक. पण यासाठी कित्येक आठवडे हवा आणि पाचोळा सतत ओला हवा. आंबोलीत ते शक्य आहे, बुलढाण्यात ऑगस्टमधली एक उघडीपही ती अंडी सुकवून टाकील. पावसाची दडी मारण्याची सवय हीच या नकाशावरची खरी सीमारेषा.

तरी ही रेषा सह्याद्रीपाशी संपते, असं मात्र समजू नका. १९९७ मध्ये इंद्रनील दास आणि चंदा यांनी मध्य प्रदेशात अमरकंटकला, नर्मदेच्या उगमाशी, एक झुडूपबेडूक शोधला. देवाच्या राखीव रानात सापडला म्हणून त्याचं नावही ‘पवित्र वनातला’ अशा अर्थाचं आहे. आज तो राओर्चेस्टेस सँक्टिसिल्व्हाटिकस म्हणून ओळखला जातो. सह्याद्रीपासून शेकडो मैल दूर, मैकल डोंगरात, आणि मैकल सातपुड्याला जोडलेला आहे. सुंदरलाल होरा यांनी गेल्या शतकाच्या चाळिशीत माशांच्या अभ्यासावरून एक कल्पना मांडली होती. ईशान्येकडचे जीव सातपुड्याच्या डोंगररांगेवरून पश्चिमेला सरकत सह्याद्रीत पोहोचले असावेत, ही ती कल्पना. तिच्यावर वाद पुष्कळ झाले आणि जनुकीय अभ्यासांनी तिला सरसकट दुजोरा दिलेला नाही. पण त्या चर्चेत आलेली रांग आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे, हे आपल्यातल्या किती जणांच्या ध्यानात येतं? संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य सातपुड्यातच आहे.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुडा. दक्षिणेला अजिंठ्याची रांग, तिच्यावर बुलढाणा शहर, राजूर घाट, बोथा आणि सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं ज्ञानगंगा अभयारण्य. बुधनेश्वराला पैनगंगेचं मूळ. या दोन डोंगरांच्या मध्ये पूर्णेचं खोरं आणि त्यात खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या माणसाला खाऱ्या विहिरीचं दुःख वेगळं सांगायला नको. बेडकाची कातडी पाणी आत-बाहेर जाऊ देते, मीठ त्याचं अंगातलं पाणी ओढून घेतं. तिथे बेडकांचा आधार म्हणजे पावसाचं साचलेलं गोडं पाणी, आणि त्याची मुदत संपली की खेळ संपला. लोणारला तर हा फरक काही पावलांत दिसतो. विवरातल्या सरोवराचं पाणी इतकं क्षारयुक्त की त्यात डिंभ वाढणं शक्य नाही, आणि काठावरच्या धारेचं पाणी गोडं.

२०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ चालत चालत आपल्या ज्ञानगंगेत आला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची सुमारे ३,००० किलोमीटरची वाटचाल मोजता आली, आणि साऱ्या देशात आपल्या अभयारण्याचं नाव झालं. मला त्याचा अभिमान आहे. पण वाघ शेतं, महामार्ग, नद्या ओलांडून जातो. बेडकासाठी ओलाव्याचे दोन तुकडे आणि मधला कोरडा फुफाटा एवढंही अंतर हजारो वर्षांचं ठरतं. म्हणूनच तो ज्या जागी आहे तिथली गोष्ट वाघापेक्षा जास्त खात्रीनं सांगतो. एखाद्या डोंगरावर कोणते बेडूक आहेत यावरून तिथे पूर्वी ओलावा किती होता, रान सलग होतं की तुटक, याचा माग लागतो.

आपण पाऊस लांबला की धोंडी काढतो, बेडकाला लिंबाच्या पाल्यात बांधून घरोघर नेतो. पावसाचं आणि बेडकाचं नातं ज्या समाजानं इतकं मनात धरलं आहे, त्यानं गावातल्या बेडकांची साधी यादी तरी करायला हवी. जो जिल्हा आपल्या बेडकांची नोंद ठेवत नाही, त्याला आपलं काय हरवलं हेही कळत नाही.

ही यादी करण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मृगाच्या पहिल्या पावसापासून नवरात्रापर्यंत गावातल्या हौदाजवळ, नाल्याजवळ, शेततळ्याजवळ रात्री आठनंतर अर्धा तास थांबायचं. आवाज मोबाइलवर टिपायचा. फोटो तीन घ्यायचे: पाठीचा, बाजूनं आणि मांडीच्या मागच्या बाजूचा. गावाचं नाव, तारीख, वेळ आणि पाऊस पडत होता की नाही, हे लिहायचं. मग ते इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकायचं. तिथे ओळख पटवून देणारे अभ्यासक आहेत. बेडूक पकडायचा नाही, बरणीत भरायचा तर मुळीच नाही. अभयारण्यातून कोणताही प्राणी उचलणं कायद्यानं गुन्हा आहे.

शेतकरी बांधवांकडे दोन मागण्या आहेत. फवारणीचा पंप हौदात किंवा शेततळ्यात विसळू नका, कारण त्याच हौदाच्या भिंतीवर फेसाचं घरटं असतं आणि डिंभ त्याच पाण्यात पडतात. आणि ज्यांच्या शेततळ्याला प्लास्टिक अंथरलं आहे त्यांनी त्यात एका कोपऱ्यातून जाडसर दोर किंवा जुनी जाळी सोडून ठेवा. झाडबेडूक गुळगुळीत उभ्या भिंतीवर चढतो, पण मातीत राहणाऱ्या जाड्या बेडकांच्या बोटांना गाद्या नसतात, त्यांना वर येता येत नाही आणि ते त्याच पाण्यात दमून मरतात.

यंदाचा मृग लागला की एका रात्री तरी बाहेर पडा आणि जे ऐकू येईल ते लिहून ठेवा.